वजनाची पावती: वापरलेली लक्झरी मोटरहोम घ्यावी की नाही, याच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

वही आजपासून. विषय: वापरलेली, मोठी, डिझेल मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायची की नाही.

पहिली गाडी बघायला जायच्या आधी वही सुरू झालेली असली पाहिजे, ही बायकोची अट. "एकदा त्या चामड्याच्या खुर्चीत बसलास की तू तिचा वकील होशील," असं ती म्हणाली. मुद्दा बिनतोड आहे, म्हणून आजच बसलो.

माणसं चार: आम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा, सासूबाई. वर्षाला ६० रात्री बाहेर काढायच्या असा माझा अंदाज. नवी का नको? नव्या मोटरहोमची किंमत पहिल्या काही वर्षांत धाडकन खाली येते. तो फटका पहिल्या मालकानं खाल्लेला बरा. शिवाय अशा गाडीची चासी एकाची, इंजिन दुसऱ्याचं, वरचं घर तिसऱ्यानं बांधलेलं, फ्रीज-हीटर-जनरेटर आणखी कुणाकुणाचे. ही सगळी वऱ्हाडी मंडळी एकमेकांशी जुळवून घेईपर्यंत वर्ष-दोन वर्षं दुरुस्तीतच जातात. जुन्या गाडीत त्या खोडी कुणीतरी निस्तरलेल्या असतात. वयाच्या खोडी वेगळ्या.

लक्झरीच का, याला खरं उत्तर एकच: जाहिरातीतला फोटो.

६ जानेवारी

पाहिली. २००९ ची गाडी, चासी मात्र २००८ ची. लांबी १२ मीटर, इंजिन मागे. कमिन्सचं ८.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, अ‍ॅलिसनचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एअर ब्रेक, एअर सस्पेन्शन. चार स्लाइडआउट, म्हणजे गाडी उभी केल्यावर बटण दाबलं की भिंतीचा तुकडा खोलीसकट बाहेर सरकतो आणि आत दिवाणखाना होतो. दगडी ओटा, फरशीला टाइल्स, चार दारांचा फ्रीज, वॉशिंग मशीन, आणि एक विजेवर चालणारी खोटी शेकोटी, जिच्यात ज्वाळा नुसत्याच दिसतात.

मालक निवृत्त गृहस्थ. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो ते पहिल्या दहा मिनिटांतच. काकूंच्या गुडघ्यांना आता पायऱ्या जमत नाहीत, म्हणून विकायची. काकांनी टेबलावर एक जाडजूड फाइल ठेवली. नऊ वर्षांतली प्रत्येक पावती तारखेनं लावलेली, आणि कडेला पेन्सिलीनं शेरे: "पंप आवाज करत होता, बदलला." "हे उगाच केलं." अशी फाइल ठेवणाऱ्या माणसाची गाडी अर्धी तपासून झाल्यासारखीच असते, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं. वकील.

खुर्चीत बसलो होतोच.

७ जानेवारी

छोटी पण कामाची गोष्ट. घराचं साल आणि चासीचं साल वेगळं असतं, आणि इंजिन-ब्रेक-स्टिअरिंगचे भाग चासीच्या सालावर मिळतात. घराचं साल सांगितलं की हटकून चुकीचा फिल्टर हातात येतो. चासी क्रमांक, घराचा अनुक्रमांक, इंजिन क्रमांक आणि जनरेटरचा क्रमांक असे चारही वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले. उत्पादकानं दोषासाठी परत बोलावलेल्या गाड्यांच्या यादीत चासी वेगळी बघायची, घर वेगळं, आणि आतला फ्रीजही वेगळा. फ्रीज विसरायचा नाही. तो गॅसच्या ज्योतीवर चालतो.

११ जानेवारी

रबराचा दिवस.

मीटरवर ६१,००० किलोमीटर. १६ वर्षांना भागलं तर वर्षाला चार हजारांच्या आत. जाहिरातीत हे ठळक अक्षरात होतं, पण मला आता हा आकडा गुण वाटत नाही. गाडी चालून झिजते त्याहून उभी राहून जास्त म्हातारी होते. सील वाळतात, टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी साठतं, बॅटऱ्या आतून मरतात, आणि एक्झॉस्टमधल्या काजळी पकडणाऱ्या फिल्टरला साफ व्हायला लागते तेवढी उष्णता कधी मिळतच नाही.

टायरच्या बाजूवर तारखेचे चार आकडे असतात. बऱ्याचदा ते आतल्या अंगाला येतात, म्हणून जमिनीवर पाठ टेकून, टॉर्च तोंडात धरून आत सरकलो. बोटानं धूळ पुसली. २३१७. म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. सहापैकी पाच टायर त्याच आठवड्यातले, एक मागचा आतला २०१९ चा. नक्षी बघाल तर नव्यासारखी, नखाची सगळी उंची आत जाते. पण कडेला, जिथे टायर रिमला भेटतो त्याच्या थोडं वर, केसासारख्या बारीक भेगांचं वर्तुळ. मोटरहोमचे टायर नक्षी संपून नव्हे तर वयानं बाद होतात. सहा-सात वर्षं झाली की मोठ्या प्रवासाला त्यांच्यावर भरवसा ठेवू नये असं जाणकार सांगतात. पुढचा टायर वेगात फुटला तर चालकाच्या पायाखालची जमीनच जाते, कारण या गाडीत चालक पुढच्या चाकांच्याही पुढे बसतो.

सहाही टायर बदलायचे, असं लिहून ठेवलं. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "मला ते कळायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

१२ जानेवारी

पाणी. मोटरहोम मरते ती पाण्यानं, इंजिनानं नाही.

छपरावर चढलो. फायबरग्लासचं छप्पर धडधाकट आहे, पण कडेच्या पट्टीखाली, दिव्यांभोवती, हवेच्या झडपांभोवती जे सीलंट असतं ते दर सहा महिन्यांनी बघावं लागतं. मागच्या डाव्या कोपऱ्यात त्याला तडा.

खाली उतरलो तोवर ऊन तिरपं झालं होतं. बाहेरच्या भिंतीला गाल लावून एका डोळ्यानं तिच्या लांबीवर नजर टाकली. समोरून ही भिंत आरशासारखी दिसते. अशी कडेनं बघितली की मागच्या डाव्या कोपऱ्याच्या खाली, तळहाताएवढ्या जागेत प्रकाश वाकतो. हात ठेवला तर भिंत किंचित फुगलेली, दाबली तर आत जाते आणि हात काढला की परत येते. बोटाच्या पेरानं ठोकत गेलो: टक, टक, टक, आणि तिथे ढप. फायबरग्लासचा थर मागच्या लाकडापासून सुटलाय.

आतून त्याच जागी कपाट. ओलावा मोजायच्या यंत्राच्या दोन सुया टोचल्या, २४ टक्के. बाकी सगळीकडे ११ ते १४. कोरडं लाकूड १५ च्या आत असतं, २० च्या वर कुजायला सुरुवात. म्हणजे गळती पसरलेली नाही, पण आहे. काकांनी यंत्र मागून घेतलं आणि स्वतः तीन ठिकाणी टोचून बघितलं. मग फाइल आणून एक पावती काढली: चार वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यातला दिवा बदलला होता. तिथूनच.

स्लाइडआउट तीनदा आत-बाहेर केले. स्वयंपाकघराचा जड आहे, त्याची एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर मागे राहते. त्याच्या खालच्या कडेचं लाकूड मात्र घट्ट.

१८ जानेवारी

मेव्हणा आला. अवजड डिझेल गाड्या दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलंय, आणि घरातल्या कुणाच्याही उत्साहावर पाणी ओतण्यात तो वाकबगार आहे. "दाजी, इंजिन थंड आहे ना? तुम्ही येण्याआधी कुणी गरम करून ठेवलं नाही ना?" हा पहिला प्रश्न. गरम इंजिन सगळ्यांचंच चांगलं सुरू होतं.

थंड होतं. अर्ध्या फेरीत सुरू झालं. पांढरा धूर पाच-सात सेकंद, मग साफ.

ब्रेकची तपासणी त्यानं मला करायला लावली. हवेचा दाब साधारण साडेआठ बारपर्यंत चढू द्यायचा, इंजिन बंद करायचं, पार्किंग ब्रेक सोडायचा (चाकांना आडकाठ्या लावून), पेडल पूर्ण दाबून एक मिनिट धरायचं आणि काटा बघायचा. ०.२ बारपेक्षा जास्त पडला तर कुठेतरी गळतंय. एक मिनिट हा किती लांब वेळ असतो ते पाय दाबून बसल्यावर कळतं. काटा जेमतेम हलला. मग पेडल दाबत-सोडत दाब उतरवला: चार बारच्या आसपास धोक्याचा भोंगा वाजला, आणखी खाली गेल्यावर पार्किंगचं बटण आपोआप फट्‌कन बाहेर आलं. हवा गेली की स्प्रिंग ब्रेक लावतो, अशी उलटी रचना. मेव्हण्यानं पहिल्यांदा "बरं आहे" म्हटलं.

ब्रेकची हवा वाळवणाऱ्या ड्रायरचं काडतूस कधी बदललं? फाइलमध्ये पावती नाही. म्हणजे बदललेलं नाही. ही फाइलची दुसरी बाजू: जे झालं नाही तेही तिच्यात दिसतं.

इंजिन गरम करून तेलाचा नमुना घेतला. धार सुरू झाल्या झाल्या नाही, मधली धार. पहिल्या धारेत तळाचा गाळ येतो. शीतकाचाही, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचाही, नमुना घेतला. प्रयोगशाळेकडे रवाना.

जनरेटर: ८ किलोवॉट, डिझेल, ३९० तास. याचीही तीच गोष्ट, कमी तास म्हणजे उपास घडलेला. महिन्याला एकदा निम्म्या भारावर तास-दोन तास चालवला तर तो नीट राहतो. दोन्ही एसी लावले. वीस मिनिटं तक्रार नाही, मग आवाजात एक हिंदकळ यायला लागली. इंधनाचा फिल्टर असेल. असावा.

१९ जानेवारी

बॅटऱ्या, फ्रीज, टाक्या. लवकर उरकतो.

घरासाठी ६ व्होल्टच्या आठ शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या. मूळच्या चारच होत्या, आधीच्या कुणा मालकानं चार वाढवल्या. आताच्या पाच वर्षांच्या झाल्यात. रात्रभर भार लावून सकाळी मोजलं, तीन बॅटऱ्या बसलेल्या. अशा संचात एक बसली की ती बाकीच्यांनाही घेऊन बसते.

फ्रीज अमोनियाचा, ज्योतीच्या उष्णतेवर थंड होणारा. मागची जाळी काढून वास घेतला, नळ्यांवर पिवळट भुकटी आहे का बघितली. नाही. असा फ्रीज गाडी तिरकी असताना चालवला की आतला द्रव एका जागी साचतो आणि नळ्या कायमच्या चोंदतात. काका उभं करताना नेहमी पातळी बघायचे म्हणाले, आणि ओट्यावर चिकटवलेला बुडबुड्याचा लेव्हल दाखवला. विश्वास ठेवला.

सांडपाण्याच्या टाकीचा मापक "दोन तृतीयांश" दाखवतो. टाकी रिकामी आहे. सगळ्याच मोटरहोममध्ये असं असतं म्हणे, मापकाच्या टोकांना काय चिकटलेलं असतं ते लिहायची गरज नाही.

सासूबाईंनी एकच गोष्ट विचारली: "मी चालत्या गाडीत बसायचं कुठे?" सोफ्याला पट्टे आहेत का ते मी बघितलंच नव्हतं. आहेत, दोन, गाद्यांच्या फटीत खोल गेलेले. चालकाच्या मागेच, डाव्या बाजूला.

३० जानेवारी

पाच रात्री भाड्याची गाडी घेऊन आलो. साडेसात मीटरची, साधी. ही कल्पना बायकोची, आणि आतापर्यंतच्या सगळ्या तपासण्यांहून उपयोगाची निघाली.

गाडी देणाऱ्यानं वजनाची मर्यादा बजावून सांगितली होती. त्यामुळे बायकोनं निघायच्या आधी प्रत्येक पिशवी घरच्या काट्यावर ठेवली. अंथरुणं, कपडे, भांडी, खुर्च्या, दोन सायकली, अवजारं, पुस्तकं (पुस्तकं १९ किलो, कुणी आणली ते विचारू नये). माणसं सोडून २८५ किलो. मला ते तेव्हा अतिरेकी वाटलं होतं.

शिकलो ते असं. चौघांना रोज ७० लिटर पाणी जपून वापरलं तर पुरतं. तिसऱ्या दिवशी सांडपाणी रिकामं करावंच लागतं, टाकी किती का मोठी असेना, कारण माणूसच कंटाळतो. अंधारात पोहोचून गाडी सपाट करणं हे लग्नाची परीक्षा बघणारं काम आहे. मुलाला वरचा पलंग मिळाला की बाकी काही नको असतं. सासूबाईंना न्हाणीघराचं दार घट्ट लागायला हवं असतं. आम्हाला दोघांना वाचायला दिवा आणि दुपारी सावली. खोट्या शेकोटीची आठवण कुणालाही आली नाही.

पाच मुक्कामांपैकी तीन ठिकाणी १२ मीटरची गाडी वळलीच नसती. एका ठिकाणी झाडाची फांदी आमच्या छपराला घासली, आणि आमची गाडी काकांच्या गाडीहून निदान अर्धा मीटर बुटकी होती.

२ फेब्रुवारी

तेलाचा अहवाल आला. झिजेतून आलेलं लोखंड वयाच्या मानानं कमी. सोडियम, पोटॅशियम वाढलेलं नाही, म्हणजे शीतक तेलात उतरत नाही. सिलिकॉन थोडं जास्त, म्हणजे धूळ आत येतेय, एअर फिल्टर जुना. शीतकातली गंजरोधक मात्रा उतरलेली. या इंजिनाच्या सिलिंडरला बाहेरून थेट शीतक लागतं, मात्रा उतरली की त्याच्या भिंतीला बारीक खड्डे पडायला लागतात. वेळीच बदललं तर धोका नाही.

मेव्हण्याचा निरोप: "दाजी, इंजिन घ्या. बाकीची गाडी बघू."

४ फेब्रुवारी

हिशेब. मागितलेली किंमत १०० धरली, तर लगेच करायच्या कामांचे अंदाज: सहा टायर, बॅटऱ्या, शीतक-पट्टे-नळ्या-फिल्टर-ड्रायर, मागचा कोपरा उघडून लाकूड बदलून बंद करणं, जनरेटरची देखभाल. सगळं मिळून १७. आणि "बाकी काहीतरी निघेलच" याचे मी ८ धरले. त्यात फ्रीज धरलेला नाही, तो गेला तर वेगळा.

म्हणजे १०० ची गाडी १२५ ला पडते. काका १० सोडायला तयार आहेत असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं. मग ११५. माझ्या डोक्यातली मर्यादा १२० होती. वहीत हे लिहिताना हात जरा जास्तच मोकळा चालला, हे मान्य.

बायकोनं तिच्या रकान्यात एकच ओळ लिहिली. मागच्या तीन वर्षांच्या दिनदर्शिका काढून प्रत्यक्ष बाहेर काढलेल्या रात्री मोजल्या: २२, १९, २६. माझे ६० कुठून आले? मी म्हटलं, गाडी नाही म्हणून २२. ती म्हणाली, तेही खरं असू शकतं, म्हणून नुसतं लिहून ठेवलंय.

८ फेब्रुवारी

चालवून बघितली, आणि वजन केलं. दुसरं काम मी यादीत सहज टाकलं होतं, तेही भाड्याच्या गाडीवाल्यामुळे.

चालवणं आधी. मोकळ्या आवारात काकांनी प्लॅस्टिकचे शंकू मांडून दिले. पुढची चाकं आपल्या मागे असल्यामुळे वळण येतं तेव्हा आपण चौकाच्या मधोमध जाईपर्यंत स्टिअरिंग फिरवायचं नाही. अंगातली सगळी सवय ओरडत असते की आता फिरव. आणि मागच्या चाकांमागे साडेतीन मीटर गाडी लोंबकळते. मी डावीकडे वळलो आणि उजव्या आरशात बघितलं तर शेपूट उलट्या बाजूला झाडूसारखं फिरून एक शंकू आडवा करून गेलं. काका म्हणाले, "मी पहिल्या आठवड्यात दिव्याचा खांब पाडला होता." फाइलमध्ये ती पावतीही आहे.

रस्त्यावर मात्र ती राणी आहे. इंजिन पार मागे, आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक लावला की गाडी स्वतःला धरून ठेवते. वीस मिनिटं मी काहीही बोललो नाही.

मग वजनकाटा. काकांचं सामान महिन्यापूर्वीच उतरवलेलं. गाडीत काका आणि मी. डिझेल पाऊण टाकी, पाण्याची टाकी रिकामी. पुढचा एक्सल (चाकांचा आस) ५,३१० किलो, मागचा ८,८७०. एकूण १४,१८०.

चासीवरची पाटी: एकूण कमाल १४,७००. पुढचा एक्सल ५,४४०, मागचा ९,२६०.

काका पावती हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. नऊ वर्षांत त्यांनी गाडी एकदाही काट्यावर घातली नव्हती.

९ फेब्रुवारी

रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून सकाळी सहाला हिशेब.

१४,७०० मधून १४,१८० गेले, उरले ५२०. पाण्याची टाकी ३८० लिटर, म्हणजे ३८० किलो. डिझेलची पाव टाकी ९५ लिटर, म्हणजे ८० किलो. उरले ६०.

साठ किलो. बारा मीटरच्या, चार दिवाणखान्यांच्या गाडीत आम्ही ६० किलो ठेवू शकतो. काकांच्या जागी बायको धरली तरी सासूबाई आणि मुलगा मिळून ९६. ते चढले की मर्यादा ओलांडली, आणि २८५ किलो सामान अजून अंगणातच.

कपाटाच्या दारामागे कारखान्याचं जुनं स्टिकर सापडलं. त्यावर सामानासाठी ६४० किलो लिहिलेत. पण ते गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचं. त्यानंतर टाइल्स आल्या, दगडी ओटा आला, वॉशिंग मशीन आलं, चार जादा बॅटऱ्या आल्या. एकेका मालकानं गाडी आणखी आरामशीर केली आणि प्रत्येकानं आपल्या सामानाची जागा त्यात पुरून टाकली. कपाटं तेवढीच मोठी राहिली. रिकामी कपाटं बघून मी पहिल्या दिवशी "केवढी जागा!" लिहिलं होतं का, ते मागचं पान उलटून तपासलं. नशिबानं नाही.

दुपारी मेव्हणा चाकांखाली ठेवायचे सपाट काटे घेऊन आला. गाडी कालच्याच अवस्थेत, आत काका आणि मी तसेच बसून. डावं पुढचं चाक २,७८०, उजवं २,५३०. बेरीज कालच्या पावतीशी जुळली. पण ५,४४० चा निम्मा वाटा २,७२०. डावं चाक आपल्या वाट्याहून ६० किलो वर. पुढे नाकात ३०० किलोंहून जड जनरेटर, आणि डाव्या हाताला दगडी ओट्याचा स्लाइडआउट.

१० फेब्रुवारी

मेव्हण्याशी फोनवर तासभर. यावेळी तो माझ्या बाजूनं होता, त्याला इंजिन आवडलंय.

त्याची योजना: तशाही बॅटऱ्या बदलायच्याच आहेत. आठ शिशाच्या बॅटऱ्या साधारण २३० किलो, तेवढं काम करणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या ५० किलोंत होतात. शिशाच्या निम्म्याहून जास्त रिकाम्या करायच्या नसतात, लिथियमला ते बंधन नाही, म्हणून कमी पुरतात. वाचले १८०. पाणी निघताना साधारण एक तृतीयांश, १२५ लिटर, भरायचं, मुक्कामी गेल्यावर उरलेलं. वाचले २५५.

मांडलं. ६० अधिक १८० अधिक २५५, झाले ४९५. लागतात ९६ आणि २८५, म्हणजे ३८१. बसलं! ११४ किलो शिल्लकही. मी बायकोला हाक मारली.

ती वही बघत होती. "हे एकूण झालं. पुढच्या चाकांचं काय?"

११ फेब्रुवारी

पुढच्या चाकांचं असं.

डिझेलची टाकी पुढच्या एक्सलच्या लगेच मागे. ती पूर्ण भरली की ८० पैकी सुमारे ७० किलो पुढे येतात: ५,३८०. पाण्याची टाकी मागच्या एक्सलच्या जवळजवळ वरच, पाणी कमी भरल्यानं पुढे काही फरक नाही. बॅटऱ्या मागच्या एक्सलच्याही दीड मीटर मागे. म्हणजे त्या सी-सॉच्या दुसऱ्या टोकाला बसल्यात आणि पुढचं टोक किंचित उचलून धरतायत. त्यांच्यातले १८० किलो काढले की पुढचं टोक खाली बसतं. दोन एक्सलमधलं अंतर ६.६ मीटर. १८० गुणिले १.५ भागिले ६.६, आले ४१.

वजन कमी करायला जो उपाय, त्यानं पुढच्या एक्सलवर ४१ किलो वाढतात. ५,४२१. शिल्लक १९. सासूबाई आणि मुलगा बसणार चालकाच्या मागे, डाव्याच बाजूला.

मेव्हण्याला आकडे पाठवले. त्यानं लगेच फोन केला. टायर मोठे टाकून भागेल का, असं मी विचारलं. "टायरला आताच दम आहे दाजी, एक टायर साडेतीन टन पेलतो. एक्सलच नाही म्हणतोय. एक्सल, स्प्रिंग, ब्रेक, रिम, यातलं जे सगळ्यात कमजोर, तो पाटीवरचा आकडा. एक वस्तू बदलून पाटी बदलत नाही."

मग दगडी ओटा काढायचा, टाइल्स उखडायच्या, वॉशिंग मशीन उतरवायचं. होईल. पण ज्यासाठी ही गाडी आवडली होती ते सगळं खाली उतरवण्यासाठी ११५ मोजायचे आणि वर उतरवणावळ द्यायची, हे मला स्वतःलाही मोठ्यानं वाचता येईना.

१२ फेब्रुवारी

घ्यायची नाही. बायकोच्या रकान्यात तारीख आणि सही, माझ्याही.

१६ फेब्रुवारी

काकांकडे स्वतः जाऊन सांगितलं. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. त्यांना वाटलं किमतीवर अडलंय, ते म्हणाले १५ सोडतो. मी वही उघडून दोन पानं दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी बेरीज-वजाबाकी स्वतः परत केली, सी-सॉवाली जागा दोनदा. मग म्हणाले, "आम्ही दोघंच असायचो. आणि ही कधी सामान फार घ्यायची नाही." दोन माणसं, थोडं सामान, पाणी अर्ध्यावर, तर ही गाडी चालते. काकांनी नऊ वर्षं मर्यादेच्या आतबाहेर करत काढली असणार, न कळत.

निघताना त्यांनी वजनकाट्याची पावती मागितली. मी माझ्यासाठी फोटो काढून घेतला आणि मूळ पावती दिली. त्यांनी टेबलाच्या खणातून भोकं पाडायचं यंत्र काढलं, पावतीला दोन भोकं पाडली आणि फाइलमध्ये लावली. कडेला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं नाही.

२ मार्च

नवा शोध सुरू आहे. नऊ मीटरच्या आसपास, दोन स्लाइडआउट, नाहीतर मोठीच हवी असेल तर मागे तिसरा एक्सल असलेली, पण त्यातही पुढच्या एक्सलची पाटी आधी बघायची. रात्रींचा आकडा मी ३५ वर आणलाय, बायकोनं पुढे प्रश्नचिन्ह काढलंय.

आता बघायला जायच्या आधी विकणाऱ्याला एकच प्रश्न पाठवतो: सामान उतरवलेल्या गाडीची, दोन्ही एक्सलची वेगवेगळी वजनाची पावती आहे का? आजवर अकरा जणांना विचारलं. सात जणांकडून उत्तर नाही. दोघं म्हणाले, "गाडी एकदम हलकी चालते." एकानं मीटरवरच्या किलोमीटरचा फोटो पाठवला.

अकराव्यानं विचारलं, काटा कुठे असतो, शनिवारी घेऊन जातो. शनिवारी आम्हीही जातोय.